रस्ते-रेल्वेवरचा पैसा संसद नेमका कुठे तपासते? कागद वाचायची रीत

लेखाशीर्ष

अर्थसंकल्पाच्या दिवसांत रस्ते आणि रेल्वेच्या तरतुदींवर भरपूर चर्चा होते, पण ती १ फेब्रुवारीच्या आकड्यावर सुरू होऊन तिथेच संपते. २०२५-२६ साठी रस्ते वाहतूक मंत्रालयाला सुमारे २.८७ लाख कोटी, रेल्वेच्या भांडवली खर्चाला अर्थसंकल्पातून २.५२ लाख कोटी. हे झाले मागितलेले पैसे. त्यातले किती खर्च झाले, कशावर झाले आणि त्यातून काम उभे राहिले का, हे तपासण्याची व्यवस्था संसदेत आहे. तिचे जवळपास सगळे कागद खुलेही आहेत, पण ते वाचणारे फार थोडे. म्हणून हा धागा.

सुरुवात मागणीपत्रापासून, म्हणजे मंत्रालय संसदेकडे वर्षाचा पैसा मागते त्या कागदापासून करा. २०२५-२६ मध्ये रेल्वेची मागणी क्रमांक ८५ आणि रस्ते वाहतुकीची ८६. प्रत्येक लेखाशीर्षासमोर (खर्चाच्या बाबीसमोर) चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी चौथ्या रकान्याची होते. तपासायला हवा तो दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातला फरक, आणि पुढच्या वर्षीचे मागणीपत्र आले की तोच आकडा प्रत्यक्षात कितीवर थांबला ते. एका लेखाशीर्षाखाली लागोपाठ तीन वर्षे सुधारित अंदाज खाली येत असेल, तर तिथे पैशांची अडचण नसून काम अडलेले आहे, असे समजून पुढचे कागद उघडावेत.

या मागण्या सभागृहात मताला येण्याआधी विभागीय स्थायी समित्यांकडे जातात. अशा २४ समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. रस्ते, बंदरे आणि विमान वाहतूक हे विषय परिवहन, पर्यटन व संस्कृती समितीकडे आहेत, आणि ही समिती राज्यसभा सचिवालयाच्या अखत्यारीत चालते. रेल्वेची समिती वेगळी, ती लोकसभेकडे. मेट्रो यांपैकी कुठेच सापडणार नाही, कारण ती गृहनिर्माण व नगरविकास समितीकडे जाते. अहवाल शोधताना बहुतेकांचा पहिला अर्धा तास इथेच वाया जातो.

समितीचे काम बंद दाराआड चालते. आधी मंत्रालयाला लेखी प्रश्नावली जाते, लेखी उत्तरे येतात, मग सचिवांची किंवा रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांची तोंडी साक्ष होते. अहवाल पटलावर ठेवला गेला की प्रश्न, उत्तरे आणि साक्षीतले उतारे त्यात छापून येतात. शिफारशी ठळक अक्षरांत असतात आणि वाचणारे फक्त तेवढ्याच वाचतात. माझ्या मते खरा ऐवज त्याच्या आधीच्या परिच्छेदांत असतो, जिथे मंत्रालय स्वतःच्या शब्दांत कारणे देते. हीच कारणे तीन वर्षांनी काढून बघता येतात.

सभागृहातल्या चर्चेवर भिस्त ठेवू नका. वेळ संपला की उरलेल्या सगळ्या मागण्या गिलोटिनखाली एकत्र मंजूर होतात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा न होता सगळ्या मंजूर झाल्या. त्या दोन वर्षांत या पैशांची जी काही तपासणी झाली ती समित्यांतच झाली.

रूळजोड

उत्तम धागा. रेल्वेपुरती भर घालतो.

मागणी क्रमांक ८५ मध्ये नवे मार्ग, दुहेरीकरण, गेज रूपांतर अशी एकत्र शीर्षके असतात, तिथे प्रकल्प दिसत नाही. प्रकल्प पाहायचा तर पिंक बुक, म्हणजे रेल्वेच्या एकेका कामाची यादी उघडावी लागते. ते झोनवार असते, मध्य रेल्वेचे वेगळे, दक्षिण मध्यचे वेगळे. प्रत्येक कामासमोर अपेक्षित एकूण खर्च, आतापर्यंतचा खर्च आणि या वर्षाची तरतूद असते. आकडे हजारांत छापलेले असतात, त्यामुळे तरतुदीच्या रकान्यात नुसता १ दिसला तर तो एक हजार रुपये. म्हणजे काम यादीत जिवंत ठेवलेले आहे, पण यंदा तिथे कोणी फावडे लावणार नाही. उद्घाटनाच्या फलकावर नाव असलेले कितीतरी मार्ग वर्षानुवर्षे अशा एक हजारावर टिकून आहेत.

दुसरी गोष्ट: अपेक्षित एकूण खर्चातून आतापर्यंतचा खर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेला यंदाच्या तरतुदीने भागा. उत्तर २५ आले, तर त्या गतीने काम पुरे व्हायला २५ वर्षे लागतील. भाववाढ धरली तर त्याहून जास्त. मंजूर पण अपूर्ण कामांचा हा उरलेला बोजा रेल्वे समितीच्या अहवालांत वारंवार येतो, आणि तो येतो याचे कारण नवी कामे मंजूर करणे सोपे आहे, जुनी बंद करणे अवघड.

कार्यचालन गुणोत्तरही असेच सोलून पाहावे लागते. शंभर रुपये कमवायला किती रुपये खर्चले, ते हे गुणोत्तर. २०१७-१८ चे अधिकृत गुणोत्तर ९८.४४ टक्के होते. कॅगने (सरकारी हिशेब तपासणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक) दाखवले की एनटीपीसी आणि इरकॉन या सरकारी कंपन्यांकडून घेतलेली आगाऊ रक्कम उत्पन्नातून वगळली तर ते १०२.६६ टक्के होते. २०१९-२० चे अधिकृत ९८.३६ टक्के, निवृत्तिवेतनाचा खरा खर्च धरला तर ११४.३५. हे आकडे संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालांतले आहेत. समितीने प्रश्न विचारायचा तो असा: गुणोत्तर किती, एवढाच नको; कोणती रक्कम आत घेतली आणि कोणती बाहेर ठेवली, हा हवा.

कलम ११५

@रूळजोड, सुरक्षा कोषाचाही उल्लेख हवा. २०१७-१८ मध्ये राष्ट्रीय रेल संरक्षा कोष सुरू झाला: पाच वर्षांत १ लाख कोटी, म्हणजे वर्षाला २० हजार कोटी. त्यातले १५ हजार केंद्राच्या तिजोरीतून, ५ हजार रेल्वेच्या स्वतःच्या कमाईतून. रूळ घसरण्याच्या अपघातांवरच्या कॅगच्या अहवालात पहिल्या चार वर्षांचा हिशेब आहे. रेल्वेने २० हजार कोटी घालायचे होते, घातले ४,२२५ कोटी. तूट १५,७७५ कोटींची. आता हे आणि वरचे ९८ टक्के शेजारी ठेवून वाचा. कमाईतून शिल्लकच राहत नसेल तर कोषात घालायला पैसे येणार कुठून? दोन वेगळ्या अहवालांतले आकडे असे जुळवून पाहणे हे लोकलेखा समितीचे काम, आणि वाचकालाही ते जमते.

लोकलेखा समितीबद्दल थोडे. २२ सदस्य, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, निवड प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असते. ही समिती झालेला खर्च तपासते आणि तिचा मुख्य आधार म्हणजे कलम १५१ खाली पटलावर आलेले कॅगचे अहवाल. सगळे परिच्छेद घ्यायला तिला वेळ नसतो, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला ती विषय निवडते. बाकीच्यांवर मंत्रालयांनी अहवाल मांडल्यापासून चार महिन्यांत केलेल्या कारवाईची टिपणी पाठवायची असते. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला, तर तो कलम ११५ खाली नियमित करून घेण्याआधी हीच समिती तपासते.

मंत्र्यांना लोकलेखा समितीसारख्या आर्थिक समित्यांपुढे साक्षीला बोलावले जात नाही. उत्तरे सचिव देतात. त्यामुळे धोरण चुकले का, या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही. ठरलेल्या धोरणाप्रमाणे पैसा खर्च झाला का, याला मिळते. ही चौकट लक्षात ठेवली की अहवालांकडून अवास्तव अपेक्षा राहत नाहीत.

मैलाचा दगड

भारतमाला या केंद्राच्या महामार्ग कार्यक्रमाचे उदाहरण घेतल्याशिवाय हा धागा अपुरा राहील, म्हणून सविस्तर लिहितो.

मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने ऑक्टोबर २०१७ मध्ये ३४,८०० किलोमीटरला मंजुरी दिली, खर्च ५,३५,००० कोटी. म्हणजे किलोमीटरला १५.३७ कोटी. मुदत २०२२. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आलेल्या कॅगच्या अहवालानुसार ३१ मार्च २०२३ पर्यंत २६,३१६ किलोमीटरची कामे दिली गेली होती आणि त्यांचा मंजूर खर्च होता ८,४६,५८८ कोटी. किलोमीटरला ३२.१७ कोटी. प्रत्यक्ष पूर्ण झालेली लांबी १३,४९९ किलोमीटर, म्हणजे एकूण लक्ष्याच्या ३९ टक्क्यांच्या आत.

संसदीय तपासणीच्या दृष्टीने यातला गंभीर मुद्दा खर्च दुप्पट होण्याच्याही पलीकडे जातो. मंजुरी संपूर्ण कार्यक्रमाला एकदाच दिलेली होती आणि पुढे एकेका प्रकल्पाला मान्यता देण्याचे बरेच अधिकार खाली दिलेले होते. खर्च एकेका प्रकल्पात वाढत गेला. त्यामुळे एकूण बेरीज मूळ मंजुरीच्या बाहेर चालली आहे, हे वार्षिक मागणीवरून कळत नव्हते. दरवर्षीच्या मागण्या मात्र मंजूर होत गेल्या. वार्षिक मागणीत त्या वर्षी लागणारा पैसा दिसतो, पुढच्या दहा-पंधरा वर्षांची बांधिलकी दिसत नाही.

हायब्रिड अॅन्युइटी पद्धतीत हे आणखी ठळक होते. कंत्राटदाराला बांधकाम चालू असताना ४० टक्के मिळतात, उरलेले ६० टक्के १५ वर्षांत हप्त्यांनी. रस्ता आज खुला होतो, देणे पुढच्या तीन लोकसभांवर जाते. परिवहन समितीच्या अहवालात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या कर्जाचा परिच्छेद मिळाला तर त्यात हप्त्यांचे देणे धरले आहे की फक्त रोख्यांचे, ते आधी पाहा.

सांधा

@मैलाचा दगड, आकडे बरोबर आहेत, पण वाचकांनी एक काळजी घ्यावी. १५.३७ आणि ३२.१७ ही तुलना सरळ वाटते तेवढी सरळ नाही. मधल्या काळात कामाची व्याप्ती बदलली: चौपदरीच्या जागी सहा पदर आले, द्रुतगती मार्ग आले, भूसंपादनाचा खर्च वाढला. कॅगचा आक्षेप हाच आहे की एवढा बदल झाल्यावर पुन्हा मंजुरी घ्यायला हवी होती. रस्ते महाग बांधले, हा आरोप वेगळा आणि तो वेगळा सिद्ध करावा लागतो.

द्वारका द्रुतगती मार्गावर नेमका हाच घोळ झाला. बातम्यांत १८.२० कोटी विरुद्ध २५०.७७ कोटी प्रति किलोमीटर असे आले. १८.२० ही मंजुरीत अशा मार्गिकांसाठी धरलेली सरासरी (संपूर्ण कार्यक्रमाची १५.३७ वेगळी). २५०.७७ म्हणजे ७,२८७ कोटी भागिले २९.०६ किलोमीटर. मंत्रालयाचे म्हणणे: यात आठ पदरी उन्नत मार्ग आहे, बोगदा आहे, सेवारस्ते आहेत, म्हणून सपाट रस्त्याच्या सरासरीशी तुलना करू नका, पदर-किलोमीटरने मोजा. हा युक्तिवाद टाकाऊ नाही. पण कॅगचा दुसरा मुद्दा त्याने सुटत नाही: हरियाणाने ९० मीटर रुंदीची जागा विनामूल्य दिलेली असताना आठ पदरी उन्नत मार्गच का, याचे समर्थन नोंदीवर नव्हते. समितीने धरून ठेवायचा मुद्दा हा आहे. किलोमीटरचा दर हा वादाचा विषय होऊ शकतो. निर्णयामागचे कारण फायलीत आहे की नाही, याला हो किंवा नाही एवढेच उत्तर असते.

लेखाशीर्ष

@सांधा यांचा मुद्दा तरतुदींनाही लागू आहे. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला ५७,७३० कोटी होते, २०२२-२३ मध्ये १,३४,०१५ कोटी. वाढ १३२ टक्के, असे तेव्हा सगळीकडे छापून आले. पण २०२१-२२ मध्ये प्राधिकरण बाजारातून आणखी ६५,००० कोटी उभारणार होते, आणि २०२२-२३ पासून ही उभारणी शून्यावर आणली गेली. दोन्ही मिळून १,२२,७३० वरून १,३४,०१५, म्हणजे जेमतेम ९ टक्के वाढ. प्राधिकरणाचे कर्ज तोवर साडेतीन लाख कोटींच्या आसपास गेले होते, म्हणून हा बदल करावा लागला. अर्थसंकल्पाबाहेरच्या उभारणीचा रकाना मागणीपत्रात शेवटी असतो; तो पाहिल्याशिवाय प्राधिकरण, रेल्वे किंवा कोणत्याही महामंडळाची टक्केवारी काढू नये.

कोकणवाट

हे सगळे समजले, पण मुंबई-गोवा महामार्गासारख्या कामात कोणाला कुठे विचारायचे? खासदार विचारतात, आमदार विचारतात, उत्तरे वेगवेगळी येतात. समृद्धीबद्दल लोकसभेत काही सापडत नाही ते का?

लेखाशीर्ष

@कोकणवाट, समृद्धीपासून सुरू करतो. तो ७०१ किलोमीटरचा मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला, तो राज्याचा प्रकल्प आहे. लोकसभेत त्यावर प्रश्न दिला तर तो मुळात राज्याचा विषय म्हणून स्वीकारला जात नाही, किंवा "हे मंत्रालय प्रामुख्याने राष्ट्रीय महामार्गांच्या विकास व देखभालीसाठी जबाबदार आहे" या वाक्याने उत्तर संपते. त्याची जागा विधिमंडळ: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, आणि हिशेबासाठी विधिमंडळाची लोकलेखा समिती व सार्वजनिक उपक्रम समिती. कॅगचे राज्यावरचे अहवाल तिथेच मांडले जातात.

मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय आहे, क्रमांक ६६, म्हणून पैशांची जबाबदारी केंद्राची. पण बांधणारे हात दोन. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, त्यापुढचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. संसदेत मंत्रालय दोन्हींबद्दल उत्तर देते, पण दुसऱ्या भागाची माहिती ते राज्याकडून मागवते. उत्तरांत तफावत येते ती तिथे. म्हणून प्रश्न पॅकेजनिहाय (एकेका कंत्राटाच्या तुकड्यापुरता) हवा आणि त्यात साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्यावर तुकडा कितव्या किलोमीटरला आहे तो आकडा हवा, नाहीतर दोन वेगळ्या तुकड्यांची सरासरी हातात येते.

रूळजोड

प्रश्नाच्या मांडणीवर थोडे सविस्तर, कारण खासदारांच्या कार्यालयांना लोक जे मसुदे देतात त्यांतले बहुतेक वाया जातात.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. राज्यसभेत १५ आणि १६०. कोणते येणार हे सोडतीने ठरते. तारांकितला तोंडी उत्तर आणि पुरवणी प्रश्न, पण प्रत्यक्षात तासाभरात मोजकेच घेतले जातात. आकडे हवे असतील तर अतारांकित चांगला, लेखी उत्तर जोडपत्रासह येते. सूचना १५ दिवस आधी द्यावी लागते, आणि प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो.

"काम कधी पूर्ण होणार?" असे विचारले तर एक तारीख मिळते, बस. रेल्वेकडून तेवढीही मिळत नाही. एक ठरलेला परिच्छेद येतो: प्रकल्प पूर्ण होणे हे राज्याकडून होणारे भूसंपादन, वन खात्याची परवानगी, वाटेतल्या वाहिन्या हलवणे, भूस्तराची स्थिती, कायदा-सुव्यवस्था आणि हवामानामुळे वर्षात कामाला मिळणारे महिने यांवर अवलंबून असते. हा परिच्छेद कुठल्याही मार्गाला चालतो, म्हणून तो काहीच सांगत नाही. तो टाळायचा तर असे विचारावे: अमुक मार्गासाठी एकूण किती हेक्टर जमीन हवी, ३१ मार्चपर्यंत किती ताब्यात आली, उरलेल्यासाठी राज्याकडे किती रक्कम जमा केली आणि कोणत्या तारखेला. याला परिच्छेदाने उत्तर देता येत नाही.

रस्त्यासाठी: पॅकेजनिहाय नियत तारीख (करारानुसार काम सुरू झाले असे धरतात तो दिवस), करारातली मूळ पूर्णत्वाची तारीख, दिलेल्या मुदतवाढी आणि प्रत्येकीचे कारण, भौतिक प्रगती टक्क्यांत, आजवरचा खर्च, कंत्राटदारावर लावलेली नुकसानभरपाई. प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. एका प्रश्नात सगळ्या राज्याची माहिती मागू नये. माहिती फार मोठी असली की ती "गोळा केली जात आहे" होते.

कलम ११५

आणि "माहिती गोळा केली जात आहे, ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असे उत्तर आले तर निराश होऊ नये. ते आश्वासन धरले जाते. त्याची नोंद सरकारी आश्वासन समितीकडे होते, आणि तीन महिन्यांत ते पुरे करायचे असते. मुदत गेली तर मंत्रालयाला समितीकडे वाढ मागावी लागते आणि कारण द्यावे लागते. दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या वेगळ्या आहेत, त्यांचे अहवालही वेगळे. रस्त्यांची आणि रेल्वेची प्रलंबित आश्वासने त्यांत वर्षासह सापडतात. फार कमी लोक हे अहवाल उघडतात, आणि अडलेल्या प्रकल्पाचा माग काढायला त्यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

भूमापक

विलंबाच्या कारणांत "भूसंपादन" हा एकच शब्द लिहून मंत्रालय सुटते आणि समित्याही तो मान्य करतात. तो फोडून विचारला पाहिजे.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ मध्ये टप्पे असे आहेत. ३अ खाली संपादनाच्या इराद्याची अधिसूचना. तिच्यापासून २१ दिवसांत हरकती. मग ३ड ची घोषणा, आणि तिथे जमीन केंद्राकडे निहित होते. ३अ पासून एका वर्षात ३ड झाली नाही तर ३अ रद्द होते आणि सगळे पहिल्यापासून. नंतर ३ग खाली मोबदल्याचा निवाडा, ३ह खाली रक्कम जमा, आणि ३इ खाली ताबा, त्यासाठी ६० दिवसांची नोटीस. १ जानेवारी २०१५ पासून मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे काढला जातो.

अडकण्याच्या जागा तीन. मोजणीचे नकाशे जुने असतात, ३ड मध्ये गट क्रमांक चुकतात आणि तेवढ्या तुकड्यांसाठी नवी ३अ काढावी लागते. निवाडा झाला तरी पैसे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा व्हायला उशीर होतो, ही चूक शेतकऱ्याची नसून तिजोरीची असते. तिसरी जागा झाडे, विहिरी आणि बांधकामांच्या मूल्यांकनाची. त्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे अहवाल लागतात.

करारात अट असते: ईपीसी कामात (जिथे कंत्राटदार सरकारी पैशाने आराखडा आणि बांधकाम करतो) ९० टक्के, हायब्रिड अॅन्युइटी आणि बीओटीत (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) ८० टक्के जमीन हातात असल्याशिवाय नियत तारीख जाहीर करायची नाही. ती पाळली नाही की कंत्राटदाराची यंत्रे उभी राहतात, तो भरपाईचा दावा लावतो, आणि लवादात गेलेली रक्कम पुढे वेगळ्या शीर्षाखाली निघते. मूळ प्रकल्पाच्या खर्चात ती दिसतही नाही. म्हणून समितीने विचारायला हवे: नियत तारखेला प्रत्यक्ष किती टक्के जमीन ताब्यात होती, आणि ती सलग होती का? ८० टक्के जमीन असूनही मधे मधे तुकडे सुटले असतील तर डांबर घालणारे यंत्र दोनशे मीटर जाऊन थांबते.

सांधा

विलंबाच्या मोजणीतही एक फसवी जागा आहे. १५० कोटी किंवा त्याहून मोठ्या केंद्रीय प्रकल्पांवर सांख्यिकी मंत्रालय देखरेख ठेवते आणि नियमित अहवाल काढते. खासदार आणि समित्या हेच आकडे वापरतात. तिथे विलंब दोन प्रकारे मोजता येतो: मूळ तारखेपासून आणि शेवटच्या सुधारित तारखेपासून. तारीख सुधारली की दुसऱ्या पद्धतीने तोच प्रकल्प एका रात्रीत "वेळेवर" होतो. शिवाय काही प्रकल्पांना पूर्णत्वाची तारीखच नोंदलेली नसते. ते ना वेळेवर धरले जातात ना उशिरा. टक्केवारी काढताना छेदात हे प्रकल्प आहेत की नाहीत ते पाहिले नाही, तर निष्कर्ष उलटा निघू शकतो.

"किती सुरू झाले" आणि "किती टिकले" यांतले अंतर उडान या प्रादेशिक विमानसेवा योजनेवरच्या कॅगच्या अहवालात स्वच्छ दिसते. तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ हवाई मार्ग दिले गेले. ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांचा सवलतीचा काळ पुरा केला, आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४. सभागृहातल्या उत्तरात ३७१ सांगितले तर ते खोटे नाही. पण पुढचे दोन आकडे विचारणारा कोणी लागतो.

मैलाचा दगड

शिफारशी बंधनकारक नसतात, मग उपयोग काय, हा प्रश्न अशा चर्चेत हमखास येतो, म्हणून आधीच लिहितो.

विभागीय समितीच्या अहवालावर सरकारने तीन महिन्यांत कारवाईची टिपणी द्यायची असते, आर्थिक समित्यांना मुदत सहा महिने. त्यावर समिती दुसरा अहवाल काढते, कार्यवाही अहवाल. त्याची बांधणी बहुधा पाच प्रकरणांची: पहिल्यात समितीचे भाष्य, दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर ऐकून समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात ज्यांची उत्तरे समितीने नाकारली त्या, पाचव्यात अंतिम उत्तर यायचे असलेल्या. थेट चौथे आणि पाचवे उघडा. दुसऱ्या प्रकरणातही सावध राहा. "समितीच्या सूचनेची नोंद घेतली आहे, संबंधितांना निर्देश दिले आहेत" हे उत्तर मान्य शिफारशीत मोजले जाते, पण त्यात कृती काहीच नसते.

यानंतर लोकसभेच्या निर्देश ७३अ प्रमाणे मंत्र्याने दर सहा महिन्यांनी शिफारशींच्या अंमलबजावणीवर सभागृहात निवेदन करायचे असते. प्रत्यक्षात ते बहुधा पटलावर ठेवले जाते आणि कोणी बोलत नाही. तरी कागद तयार होतो, आणि पुढच्या वर्षीच्या मागण्यांच्या वेळी समिती तो समोर ठेवते.

माझी तक्रार वेगळी आहे. विभागीय समित्यांची मुदत एक वर्षाची. दरवर्षी पुनर्रचना होते, काही सदस्य बदलतात, आणि सात-आठ वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाची माहिती असलेली माणसे निघून जातात. मागण्या तपासायला मधल्या सुट्टीतले तीन-चार आठवडे मिळतात. दोन-अडीच लाख कोटींच्या मागणीला एवढा वेळ पुरत नाही. समितीला स्वतःचे अभियंते आणि खर्चतज्ज्ञ मिळाले पाहिजेत. आज ती माहितीसाठी त्याच मंत्रालयावर अवलंबून आहे, ज्याची ती तपासणी करते. हे बदलल्याशिवाय चौथे प्रकरण जाड होत राहील आणि रस्ता तिथेच राहील.

कोकणवाट

धन्यवाद, फार उपयोगी. शेवटचा प्रश्न: सामान्य नागरिक किंवा संस्था समितीला थेट लिहू शकते का? आणि माहितीच्या अधिकारात समितीकडचे कागद मिळतात का?

लेखाशीर्ष

लिहू शकते. समिती एखादा विषय किंवा विधेयक सविस्तर अभ्यासाला घेते तेव्हा अनेकदा जाहिरात देऊन निवेदने मागवते. मुदत जाहिरातीत असते. जाहिरात नसली तरी समितीच्या सचिवालयाला निवेदन पाठवता येते. मात्र ते दिल्यावर समितीची कार्यवाही मांडली जाईपर्यंत निवेदनातला मजकूर बाहेर प्रसिद्ध करू नये, तो विशेषाधिकाराचा विषय होतो.

माहितीच्या अधिकारात समितीपुढची अप्रकाशित साक्ष मागू नका. कलम ८(१)(ग), म्हणजे इंग्रजीतल्या 8(1)(c) चा आधार घेऊन ती नाकारली जाते. त्याऐवजी प्रकल्पाचे मूळ कागद मागा, ते प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम विभागाकडे असतात: नियत तारखेचे पत्र, त्या दिवशीचा जमीन-ताब्याचा तक्ता, मुदतवाढीचे आदेश, स्वतंत्र अभियंत्याचे मासिक प्रगती अहवाल. निवेदन दोन-तीन पानांचे ठेवा. प्रकल्पाचे नाव, पॅकेज, साखळी क्रमांक कुठून कुठे, मंत्रालयाने कोणत्या तारखेच्या उत्तरात काय सांगितले, आणि हातातला कागद त्याहून वेगळे काय सांगतो, एवढेच. दोन्ही कागदांच्या प्रती सोबत जोडा. समितीचे अधिकारी त्यावरूनच सचिवांसाठीची प्रश्नावली तयार करतात, आणि तुमचा प्रश्न तुमच्या नावाशिवाय तिथे विचारला जाऊ शकतो. परिवहन समितीसाठी पत्ता राज्यसभा सचिवालयाचा, रेल्वे आणि लोकलेखासाठी लोकसभा सचिवालयाचा. मागण्यांची तपासणी फेब्रुवारी-मार्चमधल्या सुट्टीत चालते, त्यामुळे निवेदन फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पोहोचलेले बरे.